हरला तो बोलेल

आमच्या घरात लग्न असो की बारसं, जेवणं आटोपून सुपारीचं ताट फिरू लागलं की एखादा पुतण्या म्हणतोच, "काका, तो घोडा सांगा ना." मी दोनदा नाही म्हणतो, तिसऱ्यांदा पाणी पितो आणि सुरू होतो. सांगण्यासारखं माझ्या आयुष्यात एवढंच घडलं आहे. आमच्या हिचं म्हणणं असं, की तेही मी केलेलं नाही, माझ्या हातून झालेलं आहे. खरी हकीकत मी घरात कधीच सांगितली नाही, तरी ती हे कशी ओळखते, याचा उलगडा मला फार उशिरा झाला. आज सगळंच सांगून टाकतो. पण घोड्याच्या आधी वस्ताद. घोडा माझा असला तरी पागा त्यांची होती.

वस्ताद वणीत मोटारींचं रिवायंडिंग करायचे. विहिरीवरच्या पंपाची मोटार जळली की लोक ती बैलगाडीत नाहीतर बसच्या टपावर टाकून त्यांच्या दुकानात आणत. वस्ताद ती उघडत, आत नाक घालून वास घेत, आणि जळलेली तांब्याची तार काढून गिऱ्हाइकाच्या हातात ठेवत. कशानं जळली असं त्यानं विचारलं की म्हणत, "तुमच्यानं." लाइनीचा दोष असला तर लाइनीचा सांगत, पण बहुतेक वेळा दोष समोर उभ्या असलेल्या माणसाचाच असे आणि तो त्याला तिथल्या तिथे कळे. खोटं त्यांना बोलताच येत नसे. अगदीच अडचण आली, म्हणजे कुणी नव्या सुनेच्या हातची बिर्याणी कशी झाली वगैरे विचारलं, तर ते खिशातून डबी काढून तोंडात पान भरत आणि आता बोलता येत नाही अशी हातानं खूण करत. एरवी त्यांना पानाचा शौक नव्हता. डबी केवळ अडचणीसाठी.

दुकानातून उरलेला सगळा जीव त्यांनी बुद्धिबळ मंडळात अडकवला होता. मंडळ त्यांच्या वडिलांच्या आधीपासूनचं. कापसातली सरकी काढायच्या एका जिनिंग कारखान्याच्या काटाघरात ते भरायचं. काटाघर म्हणजे जिथं एके काळी कापसाच्या गाड्यांचं वजन व्हायचं ती खोली. तिथं कोळशाच्या खाणीतले ड्रायव्हर यायचे, शिंपी यायचा, तहसीलचा शिपाई यायचा, उंट कोणता आणि हत्ती कोणता हे ज्याला आठवत नाही असाही माणूस यायचा, आणि वस्ताद नेमके त्याच्याशीच तासभर खेळत बसायचे. पाट चार, पण एकाचेही मोहरे पुरे नाहीत. हरवलेले मोहरे वस्ताद दुकानातून बनवून आणत. एका पाटावर चिनी मातीचा फ्यूज वजीर झाला होता. दुसऱ्यावर तांब्याच्या तारेचा विणलेला घोडा होता, आणि तो इतका देखणा होता की तो मारला जाऊ नये म्हणून लोक डाव वाईट खेळायचे.

दारातच ते प्रत्येकाला विचारत, "जेवून आले का?" उपाशी माणसाला पाटावर बसायची परवानगी नव्हती. कोपऱ्यातल्या डब्यातले फुटाणे आधी खावे लागत. आत कापसाचा भाव काढायचा नाही. खेळ जुना, देशी. राजाला डावात एकदा घोड्यासारखी अडीच घरं उडी मारता यायची. आणि प्यादं पलीकडच्या टोकाला पोचलं की ज्याच्या घरात पोचलं ते ते व्हायचं. हत्तीच्या घरात हत्ती, उंटाच्या घरात उंट, घोड्याच्या घरात घोडा. वजीर हवा असेल तर वजिराच्याच घरी जा.

पण मंडळाचा सगळ्यात मोठा कायदा डाव संपल्यावर लागू व्हायचा. हरला तो बोलेल, जिंकला तो ऐकेल. हरलेल्यानं आपण कसे हरलो ते सविस्तर सांगायचं आणि तोवर जिंकलेल्यानं तोंडातून अक्षर काढायचं नाही. वस्तादांचं म्हणणं, जिंकलेल्याला काही समजलेलं नसतं, त्याला फक्त आनंद झालेला असतो.

मी तिथं पोचलो तो कापसाचं सगळंच बिनसलेल्या वर्षांत. मूळचा मी कळंबचा. खरेदी केंद्रावर ग्रेडर म्हणून बदली होऊन वणीला आलो. ग्रेडर म्हणजे गाडीत हात घालून मूठभर कापूस काढायचा, दोन्ही हातांच्या चिमटीत धरून धागा ओढायचा आणि मालाची प्रत सांगायची. चांगल्या दिवसांत हे मानाचं काम होतं. पण तेव्हा पाऊस भलत्या वेळी यायचा, बोंडात अळी निघायची, केंद्र आज सुरू तर उद्या बंद, आणि या सगळ्याचा निकाल शेवटी माझ्या तोंडून बाहेर पडायचा. मी चहाच्या टपरीवर गेलो की बोलणी थांबत. एकदा तर न्हाव्याकडे माझा नंबर नसताना लोकांनी मला पुढे जाऊ दिलं, म्हणजे मी लवकर जावं.

एका संध्याकाळी कंटाळून मी काटाघरात शिरलो. समोरच्या पाटावर मारेगावकडचे देवराव बसले होते. मंडळातला सगळ्यात तगडा गडी. त्याच सकाळी मी त्यांच्या कापसाला फरदड म्हटलं होतं. हंगाम सरल्यावरच्या शेवटच्या, हलक्या वेचणीला फरदड म्हणतात, आणि कुणाच्या मालाला ते म्हणणं म्हणजे चारचौघांत टोपी उडवण्यासारखं.

देवरावांनी पाटावरचे हात काढून घेतले. "हे साहेब इथं बसत असतीन तर मी चाललो."

वस्ताद माझ्याकडे बघून म्हणाले, "जेवून आले का?"

मी हो म्हटलं.

"मंग बसा देवरावभाऊसमोर. एक ध्यानात ठेवा साहेब, इथं ग्रेड नाही."

मी बसलो आणि बसल्या बसल्या हरलो. मग कायद्याप्रमाणे मला बोलावं लागलं. घोडा आधी काढला ते चुकलं, उंट कोंडला गेला, राजा उघड्यावर पडला, असं मी सांगू लागलो. देवराव गप्प ऐकत होते. ऐकता ऐकता त्यांच्या चेहऱ्यावर असं काही समाधान पसरू लागलं, की मी न केलेल्या दोनचार चुकाही वरून घातल्या. माझं संपल्यावर ते म्हणाले, "उद्या बी या, साहेब. तुमचा खेळ बी फरदडच हाय."

तेव्हापासून मी रोज जाऊ लागलो आणि रोज हरू लागलो. रोज बोलावं लागल्यामुळे माझं वक्तृत्व इतकं सुधारलं, की पुढे घरातली सगळी लग्नं जमवायला मलाच पाठवू लागले.

मग जिनिंग बंद पडलं. मालकानं जागा विकायला काढली. घेणारा काटाघर पाडणार हे उघड होतं. गावात दुसरी जागा एकच, नगरपालिकेच्या वाचनालयावरची खोली, आणि तिच्यासाठी व्यायामशाळेवाल्यांनी आधीच अर्ज दिला होता. वस्ताद नगराध्यक्षांकडे गेले. अध्यक्ष माणूस वाईट नव्हता, पण व्यायामशाळेवाल्यांच्या दंडांकडे पाहून बोलायचा. तो म्हणाला, यवतमाळला तीन-तीन जणांच्या संघांची जिल्हा स्पर्धा आहे, तिथून ढाल आणा, म्हणजे मला चारचौघांत सांगायला काहीतरी होईल, खोली तुमची.

आम्हाला वाटलं, वस्ताद तिघं तगडे निवडतील. वस्तादांनी फुटाण्याचा डबा रिकामा केला आणि त्यात सगळ्यांच्या नावाच्या चिठ्ठ्या टाकल्या.

देवराव कळवळून म्हणाले, "वस्ताद, अशानं खोली जाईन ना."

"जाईन तर जाईन. मंडळात सगळे बसतेत, त सगळ्याइच्या चिठ्ठ्या पडतीन. निवडून पाठवले त ते मंडळ काहून होईन? ते तीन जन झाले."

पहिली चिठ्ठी देवरावांचीच निघाली. खोलीत जान आली. दुसरी अंगणवाडीच्या मालतीबाईंची. त्या बऱ्या खेळायच्या, फक्त खेळताना मोहऱ्यांशी अंगणवाडीतल्या पोरांशी बोलावं तसं बोलायच्या. तिसरी निघाली तेव्हा कुणीतरी म्हणालं की डबा नीट हलवला गेला नाही, पुन्हा एकदा काढा. चिठ्ठी माझी होती, आणि ते म्हणणाराही मीच होतो.

महिनाभर तालीम झाली. स्पर्धेत नियम आंतरराष्ट्रीय होते, आणि तिथं अडीच घरांची उडी नव्हती, पण प्यादं कुठल्याही घरात पोचलं तरी हवं ते मागता येई. खेळायचं घड्याळ आमच्याकडे नव्हतं, म्हणून वस्तादांनी दोन गजराची घड्याळं जोडून एक बनवलं. विचार जास्त झाला की ते कर्कश वाजायचं आणि मालतीबाई दचकून वजिराला म्हणायच्या, उगी बाळा. माझी खरी अडचण प्याद्याची होती. लहानपणी वडिलांनी शिकवलेला घरोघरचा हिशेब बोटांत मुरला होता. वस्ताद मला रोज विचारत, "प्यादं पोचलं. काय मांगसान?" मी म्हणायचो, वजीर. "घोड्याच्या घरात?" वजीर. "हत्तीच्या?" वजीर. घरी हिलाही मी कामाला लावलं होतं. पानात भाकरी टाकताना ती मधेच विचारायची, "प्यादं पोचलं, काय मागता?" आणि मी घास गिळून वजीर म्हणायचो. सासूबाई महिनाभर राहायला आल्या होत्या, त्या दुसऱ्याच आठवड्यात परत गेल्या.

स्पर्धेच्या दिवशी वस्तादांना घेऊन पहाटेच्या बसनं निघालो. डाव्या तळहातावर मी बॉलपेननं मोठ्या अक्षरांत 'वजीर' लिहून घेतलं होतं. यवतमाळच्या एका शाळेचं सभागृह, ओळीनं टेबलं, सगळ्यांचे मोहरे पूर्ण, एकसारखे. ते पाहूनच आम्ही अर्धे हरलो होतो. पण देवराव असे सुटले की विचारू नका. चाल करून ते उठून खिडकीत जायचे, बाहेरच्या निंबाकडे पाहायचे, परत यायचे आणि समोरच्याचा हत्ती उचलायचे. मालतीबाईंनी एका वकिलाला हरवलं. तो नंतर म्हणाला, त्या मोहऱ्यांना इतकं प्रेमानं समजावत होत्या की मारायला जीव होईना. मी मात्र सगळीकडे नेमानं हरत होतो. दोघं जिंकायचे, एक हरायचा, संघ पुढे सरकायचा. असं करत करत आम्ही शेवटच्या सामन्याला येऊन थडकलो. समोर यवतमाळचाच संघ, आणि ढाल टेबलावर चकाकत होती.

देवराव जिंकले. मालतीबाई हरल्या आणि आपल्या वजिराला म्हणाल्या, "कुठं गेला होता रे खेळायला?" एकास एक. आता अख्खी ढाल, तिच्यावरची खोली आणि खोलीतलं सगळं मंडळ माझ्या टेबलावर येऊन बसलं.

माझ्यासमोर एक प्राध्यापक होते. इस्तरीचा शर्ट, प्रत्येक चाल शाईच्या पेननं वहीत उतरवणारे. त्यांचा वजीर माझ्या राजावर असा टपला होता की पुढच्या चालीला मात. तेवढं मलाही दिसत होतं. माझ्याजवळ एकच आशा होती, शेवटच्या घरापासून एका पावलावर थांबलेलं एक प्यादं. मागे लोक गोळा झालेले. वस्तादांच्या अंगाचा, मोटारींना लावायच्या वार्निशचा वास माझ्या उजव्या खांद्यामागे. मी प्यादं पुढे सरकवलं. घर घोड्याचं होतं. घड्याळ टिकटिकत होतं. मी तळहात पाहिला तर घामानं शाई पसरून तिथं नुसता निळा डाग.

आणि माझ्या हातानं घोडा उचलला, मांडला आणि घड्याळ दाबलं.

दाबल्याबरोबर आठवलं, वजीर. मागून देवराव हळूच "अरे बाप्पा" म्हणाले. काटाघर पडताना मला दिसू लागलं.

प्राध्यापकांनी घोड्याकडे पाहिलं. पेन खाली ठेवलं. पुन्हा पाहिलं. त्यांचे कान लाल होऊ लागले तेव्हा मीही पाहिलं. घोडा राजाला शह देत होता, आणि त्याच घरातून त्यांच्या वजिरालाही मारत होता. मी शहाण्यासारखा वजीर मागितला असता तर शह बसला नसता आणि त्यांनी मला तिथंच मात दिली असती. आता राजा हलवणं भाग होतं. राजा हलला, मी वजीर उचलला. त्यानंतर हरणं मलाही जमेना, थोडा प्रयत्न करूनसुद्धा.

प्राध्यापक उठले, माझा हात हातात घेतला आणि भरल्या आवाजात म्हणाले, "ही कल्पना तुम्हाला कधी सुचली?"

खरं सांगायला मी तोंड उघडलं. मागे वस्ताद खाकरले. जिंकला तो ऐकेल. मग मी ऐकत राहिलो. प्राध्यापकांनी लोकांना समजावून सांगितलं, की यांनी हे पाच चालींआधी पाहिलेलं असणार, आपल्या वजिराला यांनीच त्या घरात ओढून आणलं, आणि इतका वेळ हरल्यासारखा चेहरा ठेवला. मी गप्प होतो. लोकांना तो विनय वाटला.

परतीच्या बसमध्ये मालतीबाईंनी ढाल मांडीवर तान्ह्या बाळासारखी घेतली होती. देवराव टपावर बसायचं म्हणत होते, त्यांना कंडक्टरनं खाली ओढलं. मी वस्तादांच्या बाजूला बसलो आणि म्हणालो, "वस्ताद, तो घोडा..."

त्यांनी हात वर केला. "साहेब, तुम्ही सांगसान त मले मालूम होईन. मले मालूम झालं आन् उद्या कोनी इचारलं, त मी काय सांगू?"

आणि कुणीतरी विचारलंच. सत्काराला व्यायामशाळेचे सगळे दंड पहिल्या रांगेत होते. अध्यक्षांनी घोड्यावर लांबलचक भाषण केलं आणि खोलीची किल्ली पुढे धरली, तेवढ्यात रांगेतून एक जण उठला आणि वस्तादांना म्हणाला, "वस्ताद, तुम्ही खोटं बोलत नाही म्हनते. खरं सांगा, त्यानं मुद्दाम केलं का तुक्का लागला? तुक्का असन त खोलीचं पुन्हा पाहू."

वस्ताद म्हणाले, "मले त्याइनं काही सांगितलं नाही." मग त्यांनी खिशातून डबी काढली आणि एकदम दोन पानं तोंडात भरली.

खोली मिळाली. पण व्यायामशाळेवाल्यांची कुरकूर थांबेना. अर्ज त्यांनी मागे घेतलाच नव्हता. इकडे माझ्या पोटात घोडा मावेना. कुणाला तरी सांगणं भाग होतं, आणि वस्तादांनाच सांगायला हवं होतं. देवरावांना सांगणं म्हणजे मारेगावपर्यंत दवंडी. आता त्यांना ऐकायला लावायचं तर आधी त्यांच्याशीच हरायला पाहिजे, म्हणजे कायद्यानं त्यांना ऐकावंच लागेल. हरणं ही माझी कधीच अडचण नव्हती. मी वस्तादांसमोर बसलो, आणि जिंकलो.

दुसऱ्या दिवशीही जिंकलो. त्या आठवड्यापासून पुढची तीन वर्षं मी वस्तादांना हरवत गेलो. बाकी सगळ्यांशी हरायचो, फक्त त्यांच्याशी जिंकायचो. ते हरले की तेच बोलायचे, आपली कुठली चाल चुकली ते तपशिलानं सांगायचे, मी त्यातून माझा खेळ किती खोल झाला आहे ते ऐकायचो, आणि मला अक्षर काढता यायचं नाही. काही दिवसांनी मला काढावंसंही वाटेना. यात काहीतरी असणार, असं मला पटत चाललं. घोडासुद्धा बहुधा मी आतून पाहिलाच असावा. हिला मी म्हणालो, वस्ताद आता माझ्यापुढे टिकत नाहीत. ती म्हणाली, "प्यादं पोचलं, काय मागता?" आणि स्वयंपाकघरात निघून गेली. मला तेव्हाही कळलं नाही.

लोक म्हणू लागले, वस्ताद संपले, ग्रेडरशी हरतेत. त्यांच्यासमोरच म्हणायचे. ज्या माणसानं अर्ध्या वणीला खेळ शिकवला तो ते ऐकून घ्यायचा आणि फुटाणे पुढे करायचा.

मग एके दिवशी मी खोलीत गेलो, तर वस्ताद पाट मांडून वाट पाहत होते. तांब्याच्या तारेचा घोडा माझ्या बाजूला ठेवला होता. "जेवून आले का?" मी हो म्हटलं आणि सवयीच्या रुबाबात बसलो. अकरा चालींत मात. मी पाटाकडे पाहतच राहिलो. कसा हरलो हेसुद्धा मला दिसेना. तीन वर्षं जो माणूस माझ्यासमोर बसत होता तो हा नव्हताच.

पलीकडच्या पाटावर मालतीबाई आपल्या उंटाला सांगत होत्या, "आज व्यायामशाळेवाले नव्या इमारतीत गेले बरं का. आपल्या खोलीचा अर्ज बी फाडला त्याइनं."

मी वस्तादांकडे पाहिलं. "वस्ताद, म्हणजे इतके दिवस तुम्ही..."

त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. ते जिंकले होते.

"बोला साहेब," देवराव मागून म्हणाले. "हरला तो बोलेल."

मग मी सुरुवात केली. तळहातावरच्या शाईपासून. घाम, निळा डाग, घोड्याचं घर, वडिलांनी शिकवलेला खेळ, सगळं. बाजूच्या पाटांवरचे हात थांबले. देवराव तोंडावर उपरणं धरून हसू दाबत होते, मालतीबाईंनी कुणाला तरी गप्प केलं. मी बोलत राहिलो, आणि वस्ताद पुढे वाकून, एकही शब्द सुटू नये असे, ऐकत राहिले. पानाची डबी त्यांनी खिशातून काढून पाटाच्या कडेला ठेवली होती. बंद.